कॅम्पर व्हॅनसाठी व्हॅक्यूम क्लीनर: सक्शन नंतर, आधी वीज बघा

कोकणात दोन मुक्काम करून आलेल्या कॅम्पर व्हॅनचं सरकतं दार पूर्ण उघडा आणि खालच्या रुळात डोकावून बघा. गुहागरची वाळू, तिच्यावर जांभ्याची लाल धूळ आणि दोन्हींत रुतून बसलेला फरसाणाचा तुकडा. केरसुणीची काडी तिथवर जात नाही, ओलं फडकं फिरवलं तर नुसता राडा होतो. गाद्यांच्या शिवणी, बेडखालचे कप्पे, सीट सरकवायच्या पट्टीची खाच, अशा जागांसाठी व्हॅक्यूम लागतो. उघड्या जमिनीला छोटा झाडू आणि सुपली पुरते, आणि कुठल्याही यंत्रापेक्षा ती लवकर काम उरकते. एवढं मान्य केलं की निवड बरीच सोपी होते. यंत्र मोठं नको, पण ते अडचणीत शिरायला हवं आणि गाडीत जी वीज आहे तिच्यावर चालायला हवं.

लोक मात्र सुरुवात करतात खोक्यावरच्या आकड्यापासून. ‘९००० पास्कल’, ‘१५००० पास्कल’ वगैरे. शहाळ्याची नळी दुसऱ्या टोकाला बोटाने दाबून ओढली की तोंडात जोर भरपूर जाणवतो, पाणी थेंबभर येत नाही. पास्कल मोजतो तो हाच बंद तोंडाचा जोर. कचरा उचलते ती वाहती हवा. जोर आणि हवेचा प्रवाह दोन्ही धरून जे माप निघतं ते एअर वॉट. ते दिलेलं असेल तर तेच बघा. स्वस्त यंत्रांवर बहुधा ते नसतंच. नुसत्या वॉटवरही भुलू नका, कारण मोटर वीज किती खाते एवढंच त्यातून कळतं. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूमना २०१४ साली १६०० वॉटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची मर्यादा घातली. तिथली घरं त्यामुळे काही कळकट राहिली नाहीत.

१२ व्होल्टवाला: स्वस्त, आणि बराचसा वायरीवर अवलंबून

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा हा कार व्हॅक्यूम हजार-दोन हजारांत मिळतो. चार्जिंगची कटकट नाही, बॅटरी म्हातारी होण्याची भीती नाही. अडचण विजेच्या साध्या गणितात आहे. या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा, म्हणून अशी यंत्रं साधारण १०० ते १५० वॉटच्या फारशी पुढे जात नाहीत. त्यात सोबतची वायर लांबलचक आणि बारीक. समजा वायर ५ मीटर आहे आणि आतलं तांबं ०.७५ चौरस मिलिमीटर. वीज जाऊन परत यायची म्हणून अंतर १० मीटर. १० अँपिअर वाहू लागले की या वायरीतच जवळजवळ सव्वादोन व्होल्ट खर्ची पडतात. मोटरला १२ ऐवजी पावणेदहा मिळतात आणि मग ‘सक्शनच नाही’ म्हणून यंत्राला शिव्या बसतात. काम करताना वायर आणि प्लग हाताला गरम लागत असतील तर तुमची वीज तिथे जळते आहे असं समजा.

म्हणून हा घ्यायचा तर मागच्या, म्हणजे राहत्या भागासाठी वेगळ्या बसवलेल्या बॅटरीवरून, वेगळ्या फ्यूजसह, जाड वायरीचं एक सॉकेट दाराजवळ बसवून घ्या. वायरमनला अर्ध्या दिवसाचं काम आहे. पुढच्या डॅशबोर्डावरून वायर ओढत बेडपर्यंत नेण्यात अर्थ नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत ते सॉकेट किल्ली फिरवल्याशिवाय चालू होत नाही.

बिनतारी: बहुतेकांसाठी हाच, पण कुठला?

इथे दोन वेगळ्या जाती एकाच नावाखाली विकल्या जातात. एक हातात मावणारा छोटा, दुसरा लांब दांड्याचा, घरी उभा ठेवायचा.

छोट्यात मी सगळ्यात आधी बघतो तो चार्जर. यूएसबी-सीवर चार्ज होणारा असेल तर बाकी दोन गोष्टी उण्या असल्या तरी चालतील, कारण तो गाडीच्या १२ व्होल्टवरून थेट भरता येतो. त्याची बॅटरी साधारण २० ते ३० वॉट-तासांची असते. व्हॅनमध्ये १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी असेल तर तिच्यात १२०० वॉट-तासांच्या आसपास वीज मावते, म्हणजे एका चार्जिंगने तिला ओरखडाही उठत नाही. जोराच्या सेटिंगवर असा व्हॅक्यूम आठ-दहा मिनिटं टिकतो. व्हॅनमध्ये साफ करायला जागाच एवढी असते की तेवढी मिनिटं पुरतात, फक्त झाडू आधी फिरवलेला हवा.

घरी ड्रिल मशीन असेल तर आणखी एक वाट आहे. बॉश, मकिता यांसारख्या अवजारं बनवणाऱ्या कंपन्यांचे १८ व्होल्टच्या त्याच बॅटरीवर चालणारे व्हॅक्यूम मिळतात. बॅटरी संपली की काढायची, दुसरी लावायची. दिसायला रांगडे, आवाजाला त्याहून रांगडे, पण सुताराच्या भुशासाठी बनलेली यंत्रं वाळूला घाबरत नाहीत. व्हॅन स्वतः बांधणाऱ्यांकडे या बॅटऱ्या असतातच. त्यांनी फार विचार करत बसू नये.

लांब दांड्याचे व्हॅक्यूम घरात उत्तम. गाडीत दोन अडचणी येतात. पहिली, जाहिरातीतला वेळ कमी जोराचा असतो. डायसनच्या व्ही८ला ४० मिनिटं सांगितली जातात, कमाल जोरावर ती साधारण ७ होतात. सगळ्याच कंपन्यांचं गणित असं आहे. दुसरी म्हणजे जागा. भिंतीवरचं हुक घाटातल्या वळणांसाठी केलेलं नसतं. आंबा घाट उतरेपर्यंत यंत्र खाली आलेलं असतं. दांडा काढून दोन्ही भाग कप्प्यात बसतात का, हे टेप घेऊन मोजूनच पैसे द्या. घरी आधीच असा व्हॅक्यूम असेल तर नवीन काही न घेता तोच न्यावा. मुद्दाम व्हॅनसाठी विकत घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

बिनतारी कुठलाही घ्या, ऊन सांभाळा. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत पन्नास अंशांच्या पुढे सहज जातं, आणि लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादा बहुतेक माहितीपत्रकांत ४० अंशांच्या आसपास दिलेली असते. दुपारी डॅशबोर्डावर चार्जिंगला लावून समुद्रावर जाऊ नका. संध्याकाळी, गाडी निवल्यावर लावा.

घरच्या विजेवरचा: ताकद खरी, पण सोय कुठे?

८०० ते १००० वॉटचा छोटा वायरवाला व्हॅक्यूम तीन-साडेतीन हजारांत येतो आणि वरच्या सगळ्यांना ताकदीत मागे टाकतो. इन्व्हर्टरवरून, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टची घरच्यासारखी २३० व्होल्ट वीज करणाऱ्या डब्यावरून, चालवायचा म्हटलं की प्रश्न येतो. दहा मिनिटांना एकूण वीज फार लागत नाही. १००० वॉटचा व्हॅक्यूम इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीतले १५-१६ अँपिअर-तास खाईल. पण त्या दहा मिनिटांत बॅटरीतून सलग नव्वदेक अँपिअर ओढले जातात, आणि मोटर सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा. हजार वॉटचा इन्व्हर्टर तिथेच कुरकुर करून बंद पडतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीला हा मारा अजिबात मानवत नाही. एसी किंवा इंडक्शनसाठी दोन हजार वॉटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा) इन्व्हर्टर आधीच बसवलेला असेल तर खुशाल चालवा. व्हॅक्यूमसाठी तो बसवू नका.

रिसॉर्टच्या आवारात मुक्काम असेल तर चित्र पालटतं. तिथल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवरही १००० वॉट चालतं. एक्स्टेंशनची वायर रिळावरून पूर्ण सोडून घ्या, गुंडाळलेली वायर तापते. ब्रिटन-जर्मनीत कॅराव्हॅन ओढत फिरणाऱ्या आपल्या मंडळींना बहुतेक कॅम्पसाइटवर २३० व्होल्टची जोडणी मिळते, पण युरोपात काही ठिकाणी ती फक्त ६ अँपिअरची असते, म्हणजे १३८० वॉट. ६०० वॉटचा व्हॅक्यूम आणि चहाची किटली एकाच वेळी लावली की संपलं.

ओलं-कोरडं दोन्ही ओढणारे टाकीवाले व्हॅक्यूमही याच जातीतले. कर्शरचा डब्ल्यूडी ३ घ्या: १००० वॉट, १७ लिटरची टाकी, उंची अर्ध्या मीटरच्या आसपास. पावसाळ्यात चिंब झालेल्या मॅट, सांडलेलं पाणी, ओली वाळू यांना याच्याइतकं चोख दुसरं काही नाही. बाकीच्या बहुतेक यंत्रांत ओली वाळू गेली तर फिल्टर गेला. पण पाच जणांच्या सामानातून याला जागा काढणं कठीण. माझ्या मते तो घरी ठेवावा आणि सहल संपल्यावर अंगणात गाडी उभी करून चालवावा.

फिल्टरची गोष्ट कुणी सांगत नाही

लाल माती पिठासारखी बारीक असते आणि दोन वापरांत फिल्टर लिंपून टाकते. मग सक्शन पडतं, मोटर वरच्या सुरात कण्हू लागते. ‘धुता येणारा फिल्टर’ असं खोक्यावर अभिमानाने छापलेलं असतं. धुतल्यावर तो चोवीस तास वाळवायचा असतो, हे आतल्या पत्रकात. जुलैत मालवणला टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही, तिथे फिल्टर काय वाळणार! ओला बसवला तर धूळ त्यावर चिखलासारखी थापली जाते आणि कुबट वास गाडीभर फिरतो. तेव्हा जादा फिल्टर सुटा मिळतो का, आणि कितीला, हे आधी विचारा. मिळत नसेल तर ते यंत्र कितीही गोड दिसलं तरी सोडा.

डबा रिकामा करताना तो कचऱ्याच्या पिशवीच्या आत धरून उघडा. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात उघडलात तर सगळं परत गादीवर.

मग घ्यावं काय?

स्वतःची व्हॅन, दोघे-तिघे प्रवासी, बहुतेक मुक्काम विजेशिवाय: यूएसबी-सीवर चार्ज होणारा हातातला बिनतारी, एक जादा फिल्टर, आणि लांब चपट्या तोंडाचं नोझल. हे नोझल रुळात शिरतं का ते बघा, कारण अनेक कंपन्या देतात ते जाडच असतं. ड्रिलच्या बॅटऱ्या घरात असतील तर १८ व्होल्टवाला.

कुत्रा बरोबर असेल तर गाद्यांवरचे केस नुसत्या ओढीने निघत नाहीत. फिरत्या ब्रशचं छोटं तोंड सोबत येणारा मॉडेल शोधा, त्यासाठी हजारभर जास्त गेले तरी चालतील.

गाडी जुनी, बजेट तंग आणि बॅटरीची देखभाल नको असेल, तर १२ व्होल्टवाला, पण जाड वायरीच्या सॉकेटसह. कायम रिसॉर्टच्या आवारात उतरणारं कुटुंब असेल, तर ६००-८०० वॉटचा छोटा वायरवाला.

आणि भाड्याची कॅराव्हॅन दोन-तीन दिवसांसाठी घेत असाल तर काहीच विकत घेऊ नका. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. तेव्हापासून भाड्याने जाऊन बघू म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि आधी व्हॅक्यूम कुठला घ्यावा हेच विचारतात. गाडी परत देताना सफाईचे वेगळे पैसे लागतात का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. लागत नसतील तर झाडू, सुपली आणि दारात पाय झटकायला एक जाड पायपुसणं एवढं न्या.