डॅशबोर्ड परत बसवताना : ड्रिल, साधा स्क्रू ड्रायव्हर की टॉर्क पाना?

एसीच्या कूलिंग कॉइलपायी डॅशबोर्ड आणि मधला कन्सोल घरीच उतरवला असेल, तर परत आवळायचं कशानं हे आधी ठरवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिन्ही हत्यारं मिळतात, पण तिन्हींचं काम एक नाही.

बॅटरीवरचं ड्रिल खोलायला झकास. आवळायला मात्र ते प्लॅस्टिकवर लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या कॉलरवरचे, म्हणजे पुढच्या कड्यावरचे १, २, ३ हे आकडे न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) नसतात, जोर वाढला की फिरकी सोडणारा क्लच लवकर की उशिरा सुटणार एवढंच ते सांगतात. वेगात स्क्रू तिरका शिरला तर हाताला पत्ता लागत नाही, आणि लागतो तोवर आटे गेलेले असतात.

कन्सोल, ग्लोव्ह बॉक्स, मीटरभोवतीची पट्टी यांना साधा स्क्रू ड्रायव्हरच हवा. इथले बरेचसे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडून बसलेले असतात आणि तेच आटे पुन्हा सापडायला हवेत. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा, डावीकडे फिरवा. एका जागी तो 'टक्' करून किंचित खाली उतरतो. तिथून उजवीकडे घ्या. बोटांनी सहज फिरला तर जागा बरोबर. डोकं टेकलं की फार तर पाव फेरा, बास. अशा स्क्रूंना दीड-दोन न्यूटन-मीटर पुरतात, आणि नेहमीचा टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की 'क्लिक' करून सांगणारा) इतकं कमी मोजतच नाही.

टॉर्क पाना लागतो तो आतल्या लोखंडी बीमला आणि ब्रॅकेटना. डोक्यावर ८.८ ही मजबुतीची छाप असलेल्या एम६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला (१० चा पाना लागतो तो) साधारण १० न्यूटन-मीटर, एम८ ला २५ च्या आसपास. १० न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटिमीटरच्या दांड्यावर जेमतेम १० किलोचा जोर. तालमीत घुमलेल्या हाताला हा जोर जाणवतसुद्धा नाही, म्हणून इथे अंदाजावर जाऊ नका. स्टिअरिंग आणि एअरबॅगच्या बोल्टचे आकडे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. तिथे हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा.

नुसता कन्सोल काढला असेल तर टॉर्क पान्यावर पैसे घालू नका. पूर्ण डॅशबोर्ड असेल तर पाव इंची (हे त्याच्या चौकोनी टोकाचं माप), ५ ते २५ न्यूटन-मीटरचा घ्या. चाकांसाठीचा अर्धा इंची इथे कुचकामी. 'क्लिक' झालं की थांबायचं, आणि काम झाल्यावर आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा.

हत्यार कुठलंही असो, सगळे बोल्ट आधी हातानं दोन-तीन आटे धरवा, पॅनेल पिनांवर नीट बसवा, मगच आवळा. पहिलाच बोल्ट करकचून आवळला की बाकीची भोकं जुळत नाहीत. मग पॅनेल ओढून बसवावं लागतं आणि तो ताण गगनबावड्याच्या वाटेवर करकर करत बाहेर पडतो.

प्लॅस्टिकचे आटे गेलेच, तर वाटेल तो जाड स्क्रू घुसवू नका, स्क्रू ज्यात बसतो ती प्लॅस्टिकची नळी उभी चिरते. बोल्ट पक्का करायचं लॉकिंग लिक्विडही तिथे नको, काही प्लॅस्टिकना त्यानं तडे जातात.