डेकची गळती: पॉलियुरेथेन की ब्यूटाइल टेप?

लहान फायबरच्या शिडाच्या बोटीत पाणी दिसलं की पहिला संशय तळावर जातो. बहुतेक वेळा ते वरून, डेकमधून (बोटीच्या वरच्या पृष्ठभागातून) आलेलं असतं: स्टॅन्शनच्या (कठड्याच्या उभ्या खांबाच्या) पायातून, चेनप्लेटपाशी (डोलकाठीच्या तारा जिथे बोटीला जोडतात ती पट्टी), क्लीटच्या (दोर अडकवायच्या खुंटीच्या) बोल्टमधून. मुंबईत पावसाळ्यापुरती बोट काठावर घेतली की हे हमखास उघड होतं. थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही; पाणी आतल्या अस्तरावरून सरकत भलतीकडे उतरतं. पाइपने पाणी मारून शोधता येतं, पण मला दुसरी रीत जास्त पटली. हॅच (डेकवरची झाकणं) आणि व्हेंट (हवेची भोकं) चिकटपट्टीने बंद करायचे, ब्लोअरने केबिनमध्ये हवा भरायची आणि डेकवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे येतील तिथे गळती. शिवाय आतलं लाकूड पुन्हा भिजत नाही.

आता भरायचं काय? सिलिकॉन मी डेकच्या फिटिंगला लावत नाही. त्याचा थर पुरता निघत नाही आणि त्यावर नंतर दुसरं काही धरत नाही. प्रश्न उरतो पॉलियुरेथेन (नळकांड्यातून येणारा, नंतर घट्ट होणारा चिकट माल) आणि ब्यूटाइल (रबरासारखी मऊ चिकट पट्टी) यांचा.

पॉलियुरेथेनची पकड जबरदस्त, याबद्दल वाद नाही. माझं मन ब्यूटाइलकडे वळलं ते पॉलियुरेथेनच्या नळकांड्यामुळे. हा माल हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, आणि आमच्याकडे ओलाव्याला काय तोटा! एका स्टॅन्शनसाठी नळकांडं फोडावं, तोंडात स्क्रू घालून प्लास्टिकने बांधून ठेवावं, तरी पुढच्या खेपेला आत दगड. गळती काही सगळीकडे एकदम सुरू होत नाही. आज एक बोल्ट, महिन्याने दुसरा. दर वेळी चमचाभर मालासाठी नवं नळकांडं फोडायला हात धजत नाही आणि काम पुढे ढकललं जातं. तेच महाग पडतं. जे/२४ या शर्यतीच्या लहान शिडाच्या बोटीसारख्या बोटीच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं; बोल्टच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं की ते कुजतं आणि डेक पायाखाली दबायला लागतो.

ब्यूटाइलचा रोल डब्यात पडून राहतो आणि काढाल तेव्हा तसाच चिकट असतो. तो कधी सुकत नाही, त्यामुळे फिटिंग पुन्हा काढताना जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर) उचकटत नाही. भोकाची वरची कड थोडी उतरती कापून घ्यावी, म्हणजे बोल्टभोवती ब्यूटाइलचं कडं बसतं. बोल्ट फिरवू नये, खालून नट आवळावा, आणि तोही काही दिवस थोडा थोडा. बाल्सा उघडा असेल तर आधी भोक मोठं करून घट्ट कालवलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) भरावं आणि मग त्यातून नवं भोक पाडावं. हे मात्र काहीही लावलं तरी चुकत नाही.

ब्यूटाइलच्या कडेला धूळ चिकटते, ती मी चालवून घेतो. पेट्रोल-डिझेल त्याला सोसत नाही, म्हणून इंधनाच्या झाकणापाशी ते नको. पाण्याखालच्या फिटिंगलाही नको. तिथे मी पॉलियुरेथेनच वापरतो. तुमची बोट वर्षातून एकदाच, सगळी फिटिंग काढून, एका दमात होणार असेल तर कदाचित तुम्हाला नळकांडंच सोयीचं वाटेल. पण अधूनमधून एखादा स्टॅन्शन उघडायचा असेल तर ब्यूटाइलचा रोल घ्या, आणि बोटीसाठी बनवलेला, जरा कडक प्रतीचा घ्या. गाडीच्या काचांसाठी मिळणारी मऊ पट्टी मे महिन्यातल्या उन्हात कडेने ओघळते.