विकी कुठे थाटावा? वेटपेंट, विकिया आणि पुढचे पर्याय

एखाद्या विषयाचा विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचं आणि सुधारायचं संकेतस्थळ, सुरू करायचं ठरलं की जागेचा प्रश्न येतो. फुकट जागा देणाऱ्या कंपनीकडे जावं, ना-नफा संस्थेकडे जावं, की स्वतःचा सर्व्हर घ्यावा? बहुतेक जण संपादनाची सोय आणि जाहिराती किती आहेत ते बघून ठरवतात. माझं म्हणणं असं की आधी निघायची वाट बघावी. उद्या इथून उठायची वेळ आली, तर बरोबर काय नेता येईल? या धंद्याचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास बराचसा बिऱ्हाडं हलवण्याचाच आहे.

दोन कंपन्या शेजारी शेजारी ठेवून बघू. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स आणि अँजेला बीस्ली यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये ‘विकिसिटीज’ सुरू केलं. २००६ मध्ये त्याचं नाव विकिया झालं आणि आज आपण त्याला फॅन्डम म्हणून ओळखतो. दुसरी वेटपेंट, २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात निघालेली. तिचे संस्थापक बेन एलोविट्झ त्याआधी ‘ब्लू नाइल’ या ऑनलाइन दागिने विकणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते.

नवख्या माणसासाठी त्या काळी वेटपेंट उजवीच होती. विकियावर लिहायचं म्हणजे चौकटी कंस आणि अवतरणचिन्हांची खूण-भाषा शिकायला हवी. वेटपेंटवर पत्र टाइप करावं तसं लिहायचं, की पान तयार. टीव्ही मालिकांचे चाहते तिथे जमले आणि गुंतवणूकदारांनी सुमारे ४ कोटी डॉलर ओतले. पण ही सोय वेटपेंटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली होती. विकिया मात्र मीडियाविकीवर चालत होती, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्याच मुक्त सॉफ्टवेअरवर. सुरुवातीला हा फरक कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता.

२०१० मध्ये वेटपेंटने दिशा बदलली. पगारी लेखकांकडून मनोरंजनाच्या बातम्या लिहून घेणारं संकेतस्थळ तिने काढलं. कारण समजण्यासारखं आहे. स्वयंसेवक काय लिहितील, कधी लिहितील हे कंपनीला ठरवता येत नाही. पगारी लेखकांचे विषय, वेग आणि मथळे ठरवता येतात, आणि जाहिरातदाराला तेच हवं असतं. डिसेंबर २०१३ मध्ये व्हिगल या कंपनीने वेटपेंट सुमारे ३ कोटी डॉलरला विकत घेतली, ती या मनोरंजनाच्या व्यवसायासाठी. ज्यांच्या लिखाणावर कंपनी उभी राहिली होती, त्यांच्या विकींची रवानगी विकीफाउंड्री नावाच्या वेगळ्या सेवेकडे झाली.

विकियाने विकी सोडले नाहीत, पण जाहिरातींचा मोह तिलाही सुटला नाही. २०१० मध्ये तिने सगळ्या विकींवर नवी मांडणी लादली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या वॉवविकीतले बरेच संपादक वैतागून उठले आणि कर्स या कंपनीकडे जाऊन त्यांनी वॉवपीडिया थाटला. डिसेंबर २०१८ मध्ये विकियाने, म्हणजे तोवर फॅन्डम झालेल्या कंपनीने, कर्सचा माध्यम व्यवसायच विकत घेतला. ज्या घरातून निघाले, त्याच मालकाच्या छपराखाली ही मंडळी परत आली. २०२३ मध्ये ती पुन्हा निघाली आणि खेळांच्या विकींना जागा देणाऱ्या विकी.जीजीवर ‘वॉरक्राफ्ट विकी’ म्हणून बसली. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की इतक्या स्थलांतरांनंतरही एवढा मोठा ज्ञानसाठा पुन्हा शून्यापासून लिहावा लागला नाही. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही पुन्हा वापरता येईल असा, होता आणि सॉफ्टवेअर सगळीकडे मीडियाविकीच होतं. एका ठिकाणी पानांची फाइल काढायची (निर्यात), ती दुसरीकडे भरायची (आयात).

तरी सगळं बरोबर येत नाही. फॅन्डम सोडणाऱ्यांसाठी जुना विकी बंद करत नाही. तो जागेवर राहतो आणि शोधयंत्र वाचकांना तिकडेच नेत राहतं. रूनस्केप या संगणकीय खेळाचा विकी २०१८ मध्ये बाहेर पडला तेव्हा खेळ बनवणारी जॅगेक्स कंपनी पाठीशी होती. माइनक्राफ्ट या खेळाचा विकी सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला, त्याच्यामागे प्रचंड वाचकवर्ग होता. तुमच्या छोट्या विकीला असा आधार नसेल, तर नव्या पत्त्यावर वाचक यायला फार वेळ लागेल.

आणि सेवा मुळातच बंद झाली तर? विकिस्पेसेस शिक्षकांची लाडकी होती. जुलै २०१८ च्या अखेरीस तिचे फुकट विकी बंद झाले. त्याआधी जॉटस्पॉट ही दुसरी विकी सेवा २००६ मध्ये गूगलने घेतली आणि २००८ मध्ये ती गूगल साइट्स झाली. अशाच एका बंद पडलेल्या सेवेवर माझी दोनेकशे पानं होती. मजकूर झिप फाइलमध्ये हाती आला, पण कोणी काय लिहिलं, कोणी कुठली चूक सुधारली तो इतिहास गेला. सहा-सात जणांनी मन लावून केलेलं ते काम होतं, आणि आता त्यांची नावं त्याच्याशी जोडायला माझ्याकडे काही नाही. याची खंत मला अजून आहे.

आता निवडीकडे.

फॅन्डम: तांत्रिक हात अजिबात नसतील आणि वाचक लगेच हवे असतील तर. जाहिराती सोसाव्या लागतील. स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेब-पत्ता, लावता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा मोठा दोष आहे.

विकी.जीजी: विषय खेळाचा असेल तर आधी इथे विचारा.

मिराहेझ: जाहिराती नाहीत, मीडियाविकी आहे, खर्च देणग्यांवर चालतो, स्वतःचं डोमेनही लावता येतं. विकीचा हेतू सांगून अर्ज करावा लागतो आणि विकी दीर्घकाळ निपचित पडला तर तो काढला जातो. जून २०२३ मध्ये ही सेवा बंद होण्याची घोषणाच झाली होती. स्वयंसेवक पुढे आले म्हणून ती तगली. संस्था ना-नफा असली तरी मोजक्या थकलेल्या माणसांवर उभी असते, हे धरून चाला. तरीही दोन-चार जणांच्या विकीसाठी मी हीच निवडेन, स्वतःच्या डोमेनसह. पत्ता आपला असला की खालचं घर बदललं तरी वाचकाला कळतही नाही.

स्वतःचा सर्व्हर: ताबा पूर्ण, कामही पूर्ण. अद्ययावत करणं, बॅकअप, आणि सगळ्यात छळणारा स्पॅम. संपादन सर्वांना खुलं ठेवलंत की काही दिवसांत जाहिरातींची पानं उगवतात. हे सांभाळणारी किमान दोन माणसं असतील तरच या वाटेला जा. एकटा माणूस आजारी पडला की विकीही पडतो.

काहीही निवडलंत, तरी पहिली तीस-चाळीस पानं झाली की निर्यात घ्या आणि आपल्या संगणकावर कोऱ्या मीडियाविकीत ती आयात करून बघा. चित्रं त्या फाइलीत येत नाहीत, ती वेगळी उतरवावी लागतात. साचे, म्हणजे अनेक पानांवर वापरलेले तयार तुकडे, बहुधा मोडलेले दिसतील, कारण त्यांना लागणारी एक्स्टेन्शन्स (मीडियाविकीला जोडायचे पूरक भाग) तुमच्याकडे नसतील. त्यांची यादी तेव्हाच करून ठेवा.