एक दिवस हाताशी असेल तर अबू सिंबेल की देंदेरा-अबायडोस?

इजिप्तमध्ये नाईल क्रूझ घेतली की कर्नाक, लक्झर, एडफू, कोम ओम्बो, फिले ही देवळं बहुतेक होतातच, खरा प्रश्न जास्तीच्या एका दिवसाचा. दोन्ही बाजूंना एका दिवसात जाता येत नाही, अबू सिंबेल असवानच्या दक्षिणेला आणि देंदेरा-अबायडोस लक्झरच्या उत्तरेला.

अबू सिंबेलला असवानहून साधारण 280 किमी वाळवंटातून जावं लागतं, त्यामुळे पहाटेच निघायचं, जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत आणि देवळात जेमतेम दोन. पण फारो (राजा) रामसेस दुसऱ्याचे ते 20 मीटर उंच चार पुतळे समोर आले की गाडीतला त्रास विसरतो हे खरंय. आत रामसेसच्या हित्ती लोकांशी झालेल्या कादेशच्या लढाईची चित्रं कोरलेली भिंत आहे, ग्रुपवाले घाईत पुढे जातात, तुम्ही थांबा. आणि हे सगळं मूळ जागी नाहीच! असवान धरणात बुडू नये म्हणून 1964 ते 68 मध्ये देऊळ कापून 65 मीटर वर नेलं. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्यांना डोंगर कोरणं नवीन नाही, पण कोरलेला डोंगर उचलून पुन्हा जोडलाय, हे तिथे उभं राहूनही पटत नाही.

देंदेरा-अबायडोसलाही पूर्ण दिवस जातो, पण मध्ये उतरत उतरत, आणि गर्दी बरीच कमी. देंदेराचं हाथोर देवीचं देऊळ टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातलं, म्हणजे त्या मानाने नवं, काजळी साफ केल्यावर छताचा निळा रंग असा निघालाय की मान दुखेपर्यंत वर बघत बसाल. मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा आहेत. भिंतीतली तळघरं अरुंद, गुडघे दुखत असतील तर सोडा. अबायडोसचं देऊळ रामसेसच्या वडिलांचं, सेती पहिल्याचं, उठावाचं कोरीवकाम इतकं नाजूक की इजिप्तमध्ये मला तरी याहून सुंदर दिसलं नाही. 76 राजांची यादीही इथेच. बाहेरचं काम रामसेसने पुरं केलं, त्यामुळे बाप-लेकाच्या हातातला फरक तिथल्या तिथे कळतो.

माझं मत विचाराल तर, मुलं बरोबर असतील किंवा इजिप्तला एकदाच जाणार असाल तर अबू सिंबेल, निवांत भिंती बघायला आवडत असतील तर डोळे झाकून देंदेरा-अबायडोस. फक्त 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला सूर्यकिरण अबू सिंबेलच्या गाभाऱ्यापर्यंत पोचतात, तेव्हा तिथे तुफान गर्दी असते, तो सोहळाच बघायचा नसेल तर तारीख बदला.