व्हिडिओसाठी पैसे कुणाला द्यायचे? कोल्हापूरच्या धंद्यापुढच्या तीन वाटा

चप्पल, गूळ, कांदा-लसूण चटणी, हुपरीची चांदी. यांतल्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाशी आज कोल्हापुरात बोलायला बसलं की पाच मिनिटांत विषय व्हिडिओवर येतो. दुकान आजोबांनी थाटलेलं, वडिलांनी वाढवलेलं, आणि आता धाकट्या पिढीचा आग्रह असतो की आपला एखादा व्हिडिओ चालला पाहिजे. पैसे घालायची तयारी असते. अडतं ते हे पैसे कुणाच्या हातात द्यायचे इथे. पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडून रीतसर जाहिरातपट करून घ्यायचा, एखाद्या रीलस्टारला बोलवायचं, की घरच्याच मोबाईलवर आपलं काम दाखवत राहायचं?

माझा कल आधीच सांगून टाकतो. लहान आणि मध्यम धंद्याने तिसऱ्या वाटेने सुरुवात करावी, दुसरी अधूनमधून वापरावी, आणि पहिलीकडे एका ठरावीक अटीवरच वळावं. का, ते पुढे येतंच.

आधी मोजायचं काय ते ठरवा

व्ह्यूज विकत मिळतात. बूस्टचं बटण दाबून पैसे भरले की तुमचा व्हिडिओ कोल्हापूर, सांगली, पुण्यातल्या लोकांच्या मोबाईलवर दिसायला लागतो. पण तो दिसणं आणि कुणीतरी तो आवर्जून आपल्या बहिणीला पाठवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या होत्या: व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, ज्यांच्यापर्यंत पोचला त्यातल्या किती जणांनी लाइक केला आणि किती जणांनी पुढे पाठवला. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत जायचं असेल तर यातल्या पाठवण्याला लाइकपेक्षा जास्त वजन आहे.

आपल्याकडे खरा फैलाव होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. भिशीचा ग्रुप, तालमीचा ग्रुप, मंडळाचा, भावकीचा. तिथेही दिवस बदललेत. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच चॅटनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. एप्रिल २०२० पासून तर पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. म्हणजे आला की दिला सगळीकडे ढकलून, हा प्रकार अवघड झाला. आता पाठवणाऱ्याला दर वेळी माणूस निवडावा लागतो. म्हणून कुठल्याही वाटेने जा, कॅमेरा सुरू करायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा: हा व्हिडिओ कोण, कुणाला, काय म्हणून पाठवेल? ‘हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भावाला, बघ आपल्या गल्लीतलं काम, म्हणून’ हे उत्तर झालं. ‘आमचा दर्जा उत्तम’ हे कुणी कुणाला पाठवत नाही.

जोना बर्गर आणि कॅथरिन मिल्कमन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्सचे सुमारे ७,००० लेख तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला होता की अचंबा, संताप, धास्ती अशा, माणसाला स्वस्थ बसू न देणाऱ्या भावना जागवणारं लिखाण जास्त पाठवलं जातं, आणि नुसतं खिन्न करणारं कमी. कोल्हापूरने जून २०२५ मध्ये हे स्वतः पाहिलं. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात हुबेहूब कोल्हापुरी वळणाची चप्पल दिसली, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. संताप आणि अभिमान एकाच वेळी उसळले. प्राडाने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा मान्य केली, जुलैत त्यांचं पथक इथे येऊन गेलं, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. त्या गदारोळात काही विक्रेत्यांनी ऑनलाइन विक्री वाढवून घेतली. पण अशी लाट कुणाला ठरवून आणता येत नाही. ती येईल तेव्हा दाखवण्यासारखं चित्रीकरण आणि ऑर्डर घ्यायची सोय तयार असणं, एवढंच आपल्या हातात असतं.

एजन्सीचा जाहिरातपट

ही वाट वाईट नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये व्होल्वो ट्रक्सने काय केलं आठवा: दोन ट्रक रिव्हर्समध्ये, एकमेकांना समांतर चालताहेत, आणि दोन्हींच्या आरशांवर पाय ठेवून हॉलिवूडचा मारधाडपटांचा नट जाँ-क्लोद व्हॅन डॅम हळूहळू फाकत जातो. ट्रक ज्यांनी जन्मात विकत घेतला नसता त्यांनीही तो पाठवला. त्याच महिन्यात गुगलने भारतात फाळणीत ताटातूट झालेल्या दोन मित्रांची गोष्ट दाखवली. दिल्लीतली नात गुगलवर शोध घेऊन आजोबांच्या लाहोरच्या मित्राला गाठते. डोळे पाणावतात, पण शेवट भेटीचा आहे, आनंदाचा आहे. हा शेवटच लोकांना ती गोष्ट दुसऱ्याला पाठवायला लावतो.

या दोन्हींत एक समान धागा आहे आणि माझी अट तीच आहे. वस्तू काढली की फिल्म कोसळली पाहिजे. स्टिअरिंग अचूक नसेल तर व्हॅन डॅम खाली. शोध लागला नाही तर मित्र भेटणार नाहीत. आता कोल्हापूरच्या ब्रँडसाठी साधारण जी पटकथा हातात पडते ती पाहा: रंकाळ्यावरून ड्रोन, अंबाबाईचं शिखर, तांबड्या मातीत शड्डू ठोकणारा पैलवान, नऊवारीतली आजी, आणि शेवटच्या दोन सेकंदांत मसाल्याचं पाकीट. पाकिटाच्या जागी सिमेंटची गोणी ठेवली तरी फिल्म तशीच राहते. असा जाहिरातपट लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर छान दिसेल, पण पुढे जाणार नाही.

खर्च लाखांत जातो, आणि जाहिरातपट लोकांपुढे आणायला बूस्टचा खर्च वेगळा. डाव एकच मिळतो. पैसा असला तरी हात पोळतो: पेप्सीला एप्रिल २०१७ मध्ये निदर्शनांच्या पार्श्वभूमीवर केलेली जाहिरात टीकेमुळे दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावी लागली. पेप्सीला ते झेपलं.

रीलस्टार

जून २०२०च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं, आणि तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यात ओळखीचे चेहरे तयार झाले. या वाटेचा फायदा उघड आहे. विश्वासू प्रेक्षक आयता मिळतो, बोली आपली असते, काम आठवड्यात होतं.

तोटा असा की लोक व्हिडिओ पाठवतात तो त्या चेहऱ्यासाठी. आज तुमची मिसळ, उद्या शेजारच्याची, परवा मोबाईल शॉपीचं उद्घाटन. तुमचं नाव किती जणांच्या लक्षात राहतं? खाण्याच्या जागेला ही वाट जास्त लागू पडते, कारण ‘रविवारी जाऊया का?’ म्हणून मित्राला पाठवायचं निमित्त त्यात आपोआप असतं. चांदीच्या दागिन्याला तेवढी नाही.

पैसे ठरवण्याआधी फॉलोअर किती ते विचारू नका, कारण आकडा फुगवता येतो. त्यांच्या शेवटच्या काही जाहिरातींच्या इनसाइट्सचे, म्हणजे इन्स्टाग्राम खातेदाराला दाखवतं त्या आकड्यांचे, स्क्रीनशॉट मागा: किती शेअर झाले आणि प्रेक्षक कुठल्या शहरांतले. तुमचं दुकान महाद्वार रोडला आणि प्रेक्षक निम्मे इंदूरचे असतील तर काय उपयोग? व्हिडिओ कोलॅब पोस्ट म्हणून टाकायला सांगा, म्हणजे तो तुमच्याही खात्यावर दिसतो. आणि तो पुढे दुकानात, वेबसाइटवर वापरायची परवानगी लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट सांगावी लागते. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘शुगरवाल्यांनी बिनधास्त खावा असा गूळ’ हे वाक्य रीलस्टारच्या तोंडी घालण्याआधी दहा वेळा विचार करा.

आपला मोबाईल, आपलं काम

२००६ मध्ये अमेरिकेतल्या ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखाच्या लक्षात आलं की मालक टॉम डिकसन मिक्सर तपासायला त्यात लाकडाचे तुकडे घालून भुगा करतो. कारखान्यात ते रोजचंच होतं. त्यांनी सुमारे ५० डॉलर खर्चून त्याचे व्हिडिओ केले. पुढे गोट्या, मोबाईल, काय वाटेल ते त्या मिक्सरमध्ये गेलं आणि जगभर पाहिलं गेलं. मला हे उदाहरण व्होल्वोपेक्षा जवळचं वाटतं. तुमच्या दृष्टीने जे काम इतकं रोजचं आहे की दाखवण्यासारखं वाटत नाही, तेच बाहेरच्याला अचंबित करतं.

सुभाषनगर, जवाहरनगरच्या कारागिरांकडे थोडा वेळ बसून पाहा. ‘बक्कल’ म्हणतात त्या जाड चामड्याचा तळ, त्यावर चामड्याच्याच वादीची शिवण, खिळा कुठे नाही. वेणी बोटांवर अशी पडत जाते की डोळा मागे राहतो. आणि करकरणारी चप्पल! तळाच्या थरांमध्ये ‘विंचू’ म्हणतात ती आवाज करणारी वस्तू घालून शिवतात, म्हणून ती चालताना वाजते. आता व्हिडिओ असा धरा: पहिल्या सेकंदाला फक्त पावलं आणि फरशीवरची करकर. चेहरा नाही, दुकानाचं नाव नाही, संगीत नाही. मग कारागिराचे हात, उघडा तळ, त्यात बसणारा विंचू. मग शिवण. शेवटी तीच पावलं, तोच आवाज. अर्ध्या मिनिटात काम झालं. ज्याच्या आजोबांच्या पायात ती वाजायची तो माणूस हा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय राहणार नाही. आणि यातून चप्पल काढली तर काहीच उरत नाही. लाखाच्या फिल्मला लावलेली अट इथे फुकटात पुरी होते.

मूळ आवाजाचा दुसराही फायदा आहे. चालू गाजणारी चित्रपटगीतं धंद्याच्या जाहिरातीला परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, बिझनेस खात्याला ती बहुधा दिसतही नाहीत. हातोडीचा, शिवणीचा, कढत्या रसाचा आवाज मात्र तुमचाच असतो.

या वाटेची किंमत पैशात कमी, चिकाटीत जास्त. कुणीतरी घरचं माणूस नेमून आठवड्याला दोन-तीन व्हिडिओ टाकत राहावं लागतं, आणि त्यातले बरेचसे पडतात. पडलेल्यातून काय कळलं ते पाहायचं आणि चाललेल्याचं दुसरं रूप करायचं. एजन्सीला हे करता येत नाही, कारण तिचा डाव एकच असतो. महिन्याचे पैसे घेऊन रोजच्या पोस्ट टाकून देणारी माणसं मिळतात, पण सणावारी शुभेच्छांची चित्रं टाकण्यापलीकडे ती गेलेली मी फारशी पाहिली नाहीत. कामाच्या जागी रोज जो असतो त्यालाच दाखवण्याजोगं दिसतं.

माहिती मात्र बिनचूक द्या. कोल्हापुरी चप्पलचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना. ‘फक्त कोल्हापुरातच बनते’ असं म्हणालात की कर्नाटकातल्या अथणीचा माणूस कमेंटमध्ये हजर होईल, आणि त्याचं बरोबर असेल.

चालला, तर पुढे काय?

अमेरिकेत दाढीचे रेझर विकणाऱ्या डॉलर शेव्ह क्लबने मार्च २०१२ मध्ये सुमारे ४,५०० डॉलरमध्ये एक व्हिडिओ केला. मालक स्वतः गोदामातून चालत बोलतो, बस. वेबसाइट कोसळली, आणि दोन दिवसांत १२,००० ऑर्डर आल्या. ते रेझर होते, कारखान्यातून येणारे. हाताने शिवलेल्या जोडीला दिवस लागतात आणि पावसाळ्यात चामडं नीट वाळत नाही. चपलेचा व्हिडिओ मृगात चालला तर ती आफत ठरू शकते. म्हणून व्हिडिओखालीच लिहा: महिन्याला इतक्याच जोड्या, वाट पाहायची तयारी असेल तर नाव नोंदवा. कारागिराला घाई करून शिवण बिघडवण्यापेक्षा गिऱ्हाईक थांबलेलं बरं.

मसाल्याला ही अडचण कमी, माल वाढवता येतो. तिथे मोबाईलवर चार-सहा महिने काढून कुठली गोष्ट लोक पाठवतात ते कळलं की एखादा खाद्यपदार्थांवर बोलणारा रीलस्टार घ्यावा, आणि त्यालाही तीच गोष्ट करायला लावावी. हुपरीच्या चांदीला मी रीलस्टार टाळेन. बारीक काम जवळून दाखवणारा कॅमेरा हवा, एखादी मॅक्रो लेन्स घ्यावी, पैसे तिथे लागू पडतील. शंभर दुकानं असलेला मोठा ब्रँड असेल आणि अट पुरी करणारी कल्पना खरंच हाताशी असेल, तर एजन्सीकडे जावं.

गुळवाल्यांना वेळ साधावी लागेल. गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतात. काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी, आणि पाक झाला की नाही ते गार पाण्यात थेंब टाकून बोटांनी ओळखणारा गुळव्या, हे सगळं त्याच चार-पाच महिन्यांत मिळतं. हंगामात सलग आठवडाभर पहाटेपासून चित्रीकरण करून ठेवा, गुळव्याची परवानगी आणि मेहनताना आधी ठरवा, आणि त्याचं नाव व्हिडिओत द्या. त्याच्या गावातले लोकच तो पहिल्यांदा पाठवतील.