खरी तीन नाणी खोटी ठरली, खोटं चौथं अकरा लाखांचं

वडील गेल्यावर कपाट आवरताना मखमली डबीत चार नाणी निघाली. १९६४ चा नेहरूंचा रुपया, गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं १९७२ चं दहा रुपयांचं, आणि चौथं तांबूस, जाडजूड, एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८’. घरच्यांनी ‘जुनी नाणी घेतो’ अशा एका जाहिरातीला फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी खरेदीदार दारात हजर. खिशातून चुंबक काढला, नेहरूंचा रुपया टपकन चिकटला. “लोखंड आहे, नकली.” १९७२ चं नाणं कोपऱ्यावरच्या सराफाकडे मशीनवर धरलं, चांदी निघाली निम्मी. “भेसळ आहे, मोडीत द्या.” गांधींचं नाणं ‘ओळखीच्या तज्ज्ञाला दाखवतो’ म्हणून कागदात गुंडाळून नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. “हेही चांदीचं नाही, राहू द्या तुमच्याकडेच.” चौथ्याकडे मात्र तो बराच वेळ बघत बसला. याचे अकरा लाख येतील म्हणाला, फक्त रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र काढावं लागेल.

चारही निकाल उलटे होते. आणि गंमत बघा, या माणसाला खोटं फार बोलावंच लागलं नाही. चुंबक खरंच चिकटला होता, चांदी खरंच निम्मी होती. नाण्याचा जन्मजात गुण त्याने दोष म्हणून वाचून दाखवला. वारसाने आलेल्या नाण्यांच्या बाबतीत फसवणूक बहुतेक वेळा अशीच होते, कारण घरात एकच समज असते: जुनं म्हणजे चांदीचं, आणि चांदी चुंबकाला चिकटत नाही.

नेहरूंचा रुपया हे स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं. ते चांदीचं कधीच नव्हतं. शुद्ध निकेल, वजन १० ग्रॅम, व्यास २८ मिलिमीटर. निकेल चुंबकाला चिकटतं. म्हणजे हा रुपया चिकटला तर ठीक, न चिकटला तर शंका घ्यायची. त्याच्यासोबतची पन्नास पैशांची नाणीही निकेलचीच, ५ ग्रॅमची. याच नाण्यावरची दुसरी लबाडीही सर्रास चालते. नाण्यावर १८८९–१९६४ असं कोरलेलं असतं, ते नेहरूंचं जन्म-मृत्यूचं साल. विकणारा त्यातला १८८९ तेवढा दाखवतो आणि ‘ब्रिटिश काळातलं’ म्हणून गळ्यात मारतो. गांधींच्या नाण्यावर १८६९–१९४८ आहे, तिथेही हाच खेळ. ते नाणं १९६९ चं असलं तरी त्यावर १९६९ हा आकडा कुठेच नाही.

आता चांदी. गांधींचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅम, ३४ मिलिमीटर, ८० टक्के चांदी. १९७२ चं नाणं २२.५ ग्रॅम, ३९ मिलिमीटर, आणि टांकसाळीनेच ५० टक्के चांदीत पाडलेलं. हिशेब केला तर लहान नाण्यात १२ ग्रॅम चांदी आहे, मोठ्यात सव्वाअकरा. हातात घेतल्यावर कुणालाही उलट वाटेल. त्यामुळे १९७२ च्या नाण्याचा टंच, म्हणजे चांदीची टक्केवारी, ५० निघाला तर ती भेसळ नव्हे, तेच त्याच्या खरेपणाचं लक्षण. नंतरच्या ४४ मिलिमीटरच्या, ३५ ग्रॅमच्या मोठ्या नाण्यांचंही तसंच. नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त असं आहे. पण तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं २०१० चं हजार रुपयांचं नाणं तेवढ्याच वजनाचं असून ८० टक्के चांदीचं आहे. कोणतं नाणं ते न सांगता नुसता टंच सांगणाऱ्याचं ऐकू नये. शिवाय सराफाचं मशीन नाण्याचा वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा असेल तर ते आतल्या धातूपर्यंत पोचत नाही आणि नकली नाणंसुद्धा उत्तम टंच दाखवून जातं.

‘मोडीत द्या’ हे तर सरळ चुकीचं. २०११ च्या नाणेविषयक कायद्यानुसार नाणं वितळवणं गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातल्या नाण्याच्या व्याख्येत स्मारक नाणी येतात.

खरी चोरी झाली ती गांधींच्या नाण्याची. परत आलेलं नाणं दिसायला तसंच, ३४ मिलिमीटर, पांढरं, चकचकीत. चुंबकाला चिकटत नव्हतं, त्यामुळे घरच्यांना संशय आला नाही. काट्यावर ठेवलं तेव्हा वजन भरलं १२.९ ग्रॅम. जर्मन सिल्व्हर. या मिश्रधातूत चांदी नावापुरतीसुद्धा नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन, साधारण ८.७ ग्रॅम, तर ८० टक्के चांदीची १०.१. नकली बनवणाऱ्याची अडचण इथेच होते. आकार जुळवला की वजन दोन ग्रॅमने घटतं, वजन जुळवलं की जाडी सोळा-सतरा टक्क्यांनी वाढते. दोन्ही एकदम जुळवता येत नाही. वापराने नाणं झिजतं हे खरं, पण झिजून १५ ग्रॅममधले दोन ग्रॅम जायचे तर गांधींचा चेहराही गुळगुळीत झालेला दिसेल. अक्षरं धारदार आणि वजन कमी, असं झिजीने होत नाही.

वजनाला काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. सोबत आलेलं प्रमाण वजन ठेवून आधी काटा तपासा, मग नाणं तीनदा उचलून ठेवून वजन घ्या. व्यास कॅलिपरने, म्हणजे दोन जबड्यांत धरून मोजणाऱ्या पट्टीने, तीन ठिकाणी मोजा, जबड्यांनी नाण्याला ओरखडा पडू न देता.

त्यापुढची चाचणी पाण्याची, आणि ती घरी सहज जमते. काट्यावर पाण्याचा छोटा प्याला ठेवा, पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असं सोडा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा आता जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. खऱ्या गांधी नाण्याला तो १.४८ ग्रॅमच्या आसपास येतो. १५ भागिले १.४८ म्हणजे १०.१. परत आलेल्या नाण्यालाही आकडा १.४८ च आला होता, कारण आकार तोच, पण १२.९ ला त्याने भागलं की ८.७ उरतात. नेहरूंच्या रुपयाला १.१२ च्या जवळ, १९७२ च्या नाण्याला २.३ ते २.४ अपेक्षित. चुका होतात त्या ठरलेल्या: अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता कमी दिसते (साबणाचा थेंब त्यासाठीच), किंवा नाणं तळाला टेकतं आणि आकडा एकदम फुगतो. ‘प्रूफ’ म्हणजे आरशासारख्या पृष्ठभागाचं नाणं असेल तर मात्र पाणी, दोरा काहीच नको. वजन आणि व्यास घेऊन थांबा.

मग भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. नाणं ठशाखाली दाबून पाडलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार आणि मोकळी जागा सपाट असते. साच्यात ओतलेल्या नकलेवर मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खळगे दिसतात, अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बोथट असतात, आणि कडेवर कधीकधी साच्याच्या दोन भागांची रेघ कानशीने घासलेली दिसते. मुलामा आधी उंच जागांवर उडतो: गाल, कान, सिंहाच्या आयाळीची टोकं, कड. तिथे पिवळट किंवा लालसर छटा दिसली तर आत पितळ किंवा तांबं आहे. देवनागरी अक्षरं शांतपणे बघा. मात्रा, वेलांटी आणि शिरोरेषेचे सांधे यांत नकलाकार हमखास घसरतो. नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटा, दुसरी बाजूही सरळच दिसली पाहिजे. टांकसाळीची खूण सालापाशी शोधा: मुंबईची ठिपका किंवा पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूणच नसते. खूण नाही म्हणून नाणं नकली, हे वाक्य म्हणूनच कामाचं नाही.

घासूनपुसून चमकवू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही लावलं की वरचा जुना थर जातो, आणि संग्राहक पहिल्या नजरेत किंमत पाडतो. जमिनीवर आपटून आवाज ऐकणंही बंद करा. कडेला पडलेली खोक कायमची राहते.

हे सगळं कुणालाही नाणं दाखवण्याच्या आधी करायचं. वहीत वजन, व्यास, पाण्याचा आकडा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे जवळून फोटो, आणि त्या नाण्याचीच एखादी खूण, समजा कानाजवळचा ओरखडा किंवा कडेवरचा डाग. त्या घरी तारखेसह असा एक फोटो असता, तर संध्याकाळी परत आलेलं नाणं दारातच ओळखता आलं असतं. पारख समोर बसूनच करून घ्या. नाणं दुसऱ्या खोलीतसुद्धा जाता कामा नये.

राहिलं चौथं. ईस्ट इंडिया कंपनीची देशभर एकसारखी नाणी १८३५ पासून आली, त्याआधी बंगाल, मुंबई आणि मद्रास आपापली नाणी पाडत. त्या एकसारख्या नाण्यांतला तांब्याचा अर्धा आणाही १८३५ पासूनचा, एका बाजूला सिंहांची ढाल आणि दुसऱ्या बाजूला पानांची माळ असलेला. १८१८ चा रामदरबाराचा अर्धा आणा कंपनीने कधी पाडलाच नाही. त्यावर ‘यूकेएल’ अशी अक्षरं असतील तर तो खोटा हे नक्की. अशा तुकड्यांचं वजनही एकाला एक जुळत नाही, जे टांकसाळीत खपत नाही. ‘तांदूळ ओढून घेतं, वीज साठवतं’ वगैरे दावे याच तुकड्यांवर लादले जातात.

अकरा लाखांसाठी त्या घराने आधी प्रमाणपत्राचे साडेआठ हजार भरले, मग जीएसटीचे म्हणून चौदा हजार, मग ‘सुरक्षित वाहतुकीचे’. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तसं तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा यूपीआय पत्ता किंवा खाते क्रमांक हाताशी ठेवा. जितक्या लवकर तक्रार नोंदेल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट आणि पावत्या पुसू नका, समोरच्याला ‘आम्ही तक्रार केली’ असं कळवूही नका. बदललेल्या नाण्याची तक्रार मात्र पोलीस ठाण्यात वेगळी द्यावी लागते, आणि तिथे वहीतलं वजन आणि फोटो हेच दाखवायला असतं.

रामदरबाराचा तुकडा देव्हाऱ्यात ठेवायला काहीच हरकत नाही. बऱ्याच घरांत तो पूजेसाठीच आणलेला असतो. डबीत मात्र एक चिठ्ठी ठेवा: हे नाणं नाही.