स्कंकच्या वासावर: तयार बाटली की घरचं मिश्रण?

स्कंक म्हणजे घाबरला की दुर्गंधीचा फवारा मारणारा छोटा प्राणी. त्यानं कुत्र्यावर फवारा मारला तर वास कशानं घालवायचा? अमेरिका-कॅनडात कुत्रा पाळणाऱ्या मराठी घरांसाठी थेट निकाल: घरचं मिश्रण. रसायनतज्ज्ञ पॉल क्रेबॉम यांची ही कृती 1993 साली छापून आली. एक क्वार्ट (साधारण 950 मिली) 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, एक-दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड. सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालत नाही. केस ब्लीच करायचं जास्त तीव्रतेचं पेरॉक्साइड तर मुळीच नको, कातडी भाजेल.

कुत्र्याला आधी भिजवू नका. हातमोजे घालून मिश्रण कोरड्या केसांत मुळापर्यंत चोळा, पाच मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका. तोंडाभोवती फडक्यानं लावा. स्कंकचा फवारा डोळ्यांत गेला असेल तर आधी नुसत्या पाण्यानं डोळे धुवा. काळे केस थोडे भुरे पडू शकतात, तेवढं चालवून घ्यावं.

मिश्रण लागेल तेव्हाच करा. उरलेलं बंद बाटलीत ठेवलं तर आतल्या ऑक्सिजननं बाटली फुटते. दुकानात तयार मिश्रण का मिळत नाही, याचं उत्तर यातच आहे.

एन्झाइमच्या तयार बाटल्या गालिचा, गाडीची सीट यांना ठीक. टोमॅटोचा रस म्हणजे निव्वळ भ्रम: नाक त्या दुर्गंधीला सरावतं, थिऑल (फवाऱ्यातली वास मारणारी गंधकयुक्त रसायनं) जागच्या जागी राहतात. पुढं पावसात कुत्रा भिजला की फवाऱ्यातल्याच थिओॲसिटेट या रसायनांचे थिऑल होतात आणि वास पुन्हा उठतो. तेव्हा तीच कृती परत.

फवाऱ्यानंतर कुत्र्यात उलट्या, फिक्या हिरड्या, गडद लघवी दिसली तर ताबडतोब पशुवैद्य गाठा.